दुभाष्याची खुर्ची

माझा मित्र मला फसवेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी कुणाला फसवेन असंही वाटलं नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच हॉलमध्ये घडल्या, आणि मधे फक्त चहाची सुट्टी होती.

मी अजून नोकरीत आहे, म्हणून कुणाचं नाव लिहीत नाही, खात्याचंही नाही. केंद्र सरकारच्या एका खात्याच्या चेन्नई कार्यालयात मी मधल्या फळीतला अधिकारी आहे, एवढं पुरे. मूळचा सांगलीचा. राहतो तांबरमला. बदली होऊन आलो तेव्हा ‘तीन वर्षांत परत जाऊ’ असं बायकोला सांगितलं होतं. मग मुलगी इथल्या शाळेत रुळली, बायकोला शिक्षिकेची नोकरी लागली, आणि मी दर खेपेला मुदतवाढ मागत राहिलो. ती मिळत गेली, कारण दिल्लीत माझा मित्र होता.

परराष्ट्र धोरण दिल्लीत ठरतं हे खरं, पण समुद्र आमच्याकडे आहे. इथले मच्छीमार माशांच्या मागे जातात, पाण्यावर रेघ दिसत नाही, पलीकडच्या देशाचं नौदल त्यांना पकडून नेतं. बोट जप्त होते, माणसं तुरुंगात पडतात. मग दोन्ही देशांची बोलणी होतात. बोलणी म्हटलं की हॉल, झेंडे, पाण्याच्या बाटल्या, टेबलावरच्या नावाच्या पाट्या. हे सगळं मांडायचं काम आमच्या कार्यालयाचं. काय बोलायचं ते वरून येतं.

अशात वरून एक नवी गोष्ट आली. यापुढे बोलणी करणाऱ्या प्रत्येक पथकात स्त्री असली पाहिजे, आणि ज्या प्रश्नाची झळ बायकांना पोचते त्यावर बायकांचं म्हणणं टेबलावर आलं पाहिजे. हा नियम लिहिणाऱ्यांत माझा मित्र होता. पुण्याला हॉस्टेलवर आम्ही एका खोलीत राहिलो होतो. तो पुढे फार वर गेला, मी होतो तिथेच थोडा सरकलो. पण फोनवर तो मला अजून ‘लेका’ म्हणायचा, आणि खरं सांगतो, मला त्याचा अभिमान होता.

‘लेका, हे आपल्या हयातीत होईल असं वाटलं नव्हतं,’ तो म्हणाला. ‘पहिला प्रयोग तुझ्याकडेच करायचा. मच्छीमारांच्या बायका. तू तयारी कर, बाकी माझ्यावर सोड.’

मी पेटलोच. इथल्या मराठी मंडळात महिला दिनाला मला बोलायला सांगितलं, तर मी पाऊण तास परराष्ट्र धोरणातल्या स्त्री-पुरुष समानतेवर बोललो. घरी आल्यावर बायको म्हणाली, ‘भाषण छान झालं. आता चहाचा कप उचलून बेसिनमध्ये ठेवायचा नियम कोणत्या देशाबरोबरच्या करारात येतोय तेवढं कळवा.’ मुलगी इंग्रजीत हसली. ती हल्ली मराठीत फक्त माझ्यावर चिडते.

तयारी मी करणार म्हणजे अक्का करणार, हे कार्यालयात सगळ्यांना माहीत होतं.

अक्का आमच्याकडे संशोधन सहायक होत्या. माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठ्या. घराणं तंजावरकडचं, म्हणजे कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं मराठी घर. तमिळ त्यांची रोजची भाषा. पण माझ्याशी त्या मराठीत बोलायच्या. कसली मराठी! माझ्या पणजोबांनी बोलावी तशी. ‘मज ठाऊक आहे’, ‘तुम्हांस कोणी सांगितलें’, आणि मधेच तमिळ ‘सरि, सरि’, म्हणजे बरं, बरं. सगळं तमिळच्या हेलात, वाक्याचा शेवट वर जाणारा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. त्या म्हणाल्या, ‘हसा, सार. आम्ही इकडे येतांना जी आणली तीच सांभाळली. तुम्ही तिकडे बदलून टाकलीत.’ त्यानंतर मी हसलो नाही. त्या कार्यालयात मराठी ऐकू येईल असं दुसरं टेबल नव्हतं. दुपारी डबा खाताना त्या काहीतरी विचारायच्या आणि मला घरी असल्यासारखं वाटायचं.

किनाऱ्यावरच्या त्या गावांत अक्का कित्येक वर्षं जात होत्या. तिथल्या बायकांनी आजवर पुष्कळ अधिकारी पाहिले होते, पुष्कळ सह्या दिल्या होत्या. त्यांचा सरकारवर काडीचा विश्वास नव्हता. अक्कांवर होता. अक्कांची जमा म्हणाल तर तेवढीच. पगार बेताचा, हुद्दा लहान, निवृत्ती जवळ.

बायकांची मागणी एकच होती. नवरा किंवा मुलगा पकडला गेला की बातमी आधी बोटीच्या मालकाला कळते, मग संघटनेच्या पुढाऱ्याला, मग वर्तमानपत्राला. बाईला शेवटी, तीही शेजारणीकडून. सोडवायचं कुणाला आधी, बोटीला की माणसाला, हेही दोन्ही देशांच्या संयुक्त समितीत बसलेले मालकच ठरवतात. तेव्हा त्या समितीत दोन्हीकडच्या दोन-दोन बायका बसवा. बस्स.

मी मित्राला कळवलं. तो म्हणाला, ‘एक नंबर. ही मागणी तुमच्या त्या अक्काच मांडतील. पथकातली स्त्री म्हणून त्यांचंच नाव घालतो. तमिळ येतं, इंग्रजी येतं, विषय येतो. माझा शब्द.’

तो शब्द मी अक्कांना दिला. त्यांनी मला दोनदा विचारलं. ‘मी बोलणार? टेबलावर बसून? हें नक्की आहे का, सार? कारण मी बायकांस सांगेन, आणि एकदा सांगितलें की मज परत घेतां येणार नाही.’

‘नक्की, अक्का,’ मी म्हणालो.

बोलण्यांच्या आदल्या दिवशी आठ बायका आल्या. त्यांची म्होरकी एक साठीची बाई होती, सगळ्या तिला आत्या म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. काळीसावळी, हाडापेराने मोठी, आवाज लिलावात कमावलेला. तिचा धाकटा मुलगा तेव्हा पलीकडच्या तुरुंगात होता. उतरायची सोय तांबरमच्या एका वसतिगृहात केली होती. सामान टाकलं आणि सगळ्या जणी अक्कांना घेऊन बसने टी. नगरच्या बाजारात गेल्या. संध्याकाळी परत आल्या तर प्रत्येकीच्या हातात सारखीच पिशवी. आठ एकसारख्या साड्या. मोरपंखी, पिवळ्या काठाच्या.

‘एक दिसलं पाहिजे,’ आत्या तमिळमध्ये म्हणाली आणि अक्कांनी मला सांगितलं. ‘पोलिसांना वर्दी असते, नौदलाला असते. आम्हालाच नव्हती.’

मग वसतिगृहाच्या जेवणघरात तालीम झाली. अक्का म्हणाल्या, उद्या मी बोलणार, पण त्यांनी उलटे प्रश्न विचारले तर तुम्हांला उत्तरं सुचली पाहिजेत. मला पलीकडच्या देशाचा अधिकारी केलं. मी कपाळाला आठ्या घालून विचारलं, ‘बायका समितीत येऊन काय करणार?’ अक्कांनी ते तमिळमध्ये सांगितलं.

आत्याने क्षणाचाही वेळ घेतला नाही. ‘आत्ता पुरुष करतात तेच. बसू, चहा पिऊ, बिस्किटं खाऊ. फक्त उठताना काहीतरी ठरवून उठू.’

सगळ्या हसल्या. मीही हसलो. एक तरुण बाई माझ्याकडे बोट करून काहीतरी म्हणाली आणि हशा वाढला. अक्का आधी सांगेनात. मग म्हणाल्या, ‘ती म्हणते, हा सार चांगला दिसतो. उद्या खरा अधिकारीही असाच मऊ असूं दे.’

मला ते बोलणं आवडलं होतं. आता आठवलं की नको वाटतं.

सकाळी मी हॉलमध्ये पोचलो तेव्हा दिल्लीहून आलेल्या माणसांनी आसनव्यवस्था बदललेली होती. लांब टेबलाच्या आमच्या बाजूला मधोमध मित्राची पाटी, शेजारी माझी, पुढे मच्छीमार संघटनेचे पुढारी, बोटमालक, मत्स्यखात्याचे अधिकारी. अक्कांची पाटी तिथे नव्हती. टेबलाच्या टोकाला काटकोनात एक लहान टेबल होतं, त्यावर माईक आणि एक खुर्ची. त्या टेबलावर अक्कांच्या नावाची पाटी होती आणि खाली लिहिलं होतं, दुभाषी.

मी मित्राला गाठलं. तो कोटाची बटणं लावत होता.

‘अरे, भाड्याचा दुभाषी आणला असता तर त्याला समुद्राचे शब्द येत नाहीत. या बाईंना येतात. आणि त्या पथकात आहेतच की. पथकात एक स्त्री हवी, ती आहे. नियम पाळला गेला.’

‘पण त्या बोलणार होत्या.’

‘बोलतीलच की दिवसभर. सगळ्यात जास्त त्याच बोलतील.’ तो हसला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘मागणी तू मांड. तुझ्या निवेदनात घालून वाच. उलट वजन येईल, पुरुषाने मांडली म्हणून. काय? बरं, तुझी मुदतवाढ मार्चमध्येच येते ना? बघतो मी.’

शेवटचं वाक्य त्याने सहज म्हटलं. मीही सहज ऐकल्यासारखं केलं.

दुभाष्याच्या खुर्चीबद्दल थोडं सांगायला हवं. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला स्वतःचं मत नसतं. समोरचा जे बोलेल ते पूर्ण, जसंच्या तसं, दुसऱ्या भाषेत सांगायचं. एक अक्षर गाळायचं नाही की घालायचं नाही. तोंडातून बाहेर पडतं ते दुसऱ्याचं, आवाज मात्र आपला. दुभाष्याने मधेच आपलं काही घुसवलं तर दोन्ही देशांची माणसं आक्षेप घेतात, आणि तो बरोबरच असतो.

अक्का आल्या. पाटी वाचली. त्यांनी मोरपंखी साडी नेसली होती. बायकांनी त्यांच्यासाठी नववी घेतली होती, हे मला माहीत नव्हतं. पाटी उचलून त्यांनी मागून पाहिली, जणू मागे दुसरं काही लिहिलं असेल. मग माझ्याकडे आल्या.

‘हें काय, सार?’

मी सांगितलं. मीच मागणी वाचणार आहे, निवेदनात घातली आहे, हा बघा परिच्छेद.

त्यांनी तो वाचला. ‘शब्द बरे आहेत,’ म्हणाल्या. ‘तुम्ही वाचणार? नक्की?’

‘नक्की.’

‘सरि.’ त्या जाऊन खुर्चीत बसल्या. माईकवर बोट टकटकवलं.

आठ बायका शेवटच्या रांगेत निरीक्षक म्हणून बसल्या होत्या. पण बोलणी सुरू व्हायच्या आधी त्यांना पुढे बोलावण्यात आलं. दोन्ही देशांचे झेंडे, दोन्ही पथकांचे प्रमुख, आणि पुढे मोरपंखी रंगाची सबंध रांग. फोटोवाल्यांना हायसं वाटलं असणार. पलीकडच्या देशाच्या प्रमुखांनी आत्याला नमस्कार केला. माझा मित्र तमिळमध्ये ‘वणक्कम’ म्हणाला. मग बायका मागे गेल्या आणि काम सुरू झालं.

पहिलं सत्र बोटी, जाळी आणि इंजिनांवर गेलं. अक्का सुरेख काम करत होत्या. इंग्रजीतून तमिळ, तमिळमधून इंग्रजी, न अडखळता. पलीकडचे मच्छीमारही तमिळच बोलणारे, त्यांचे साहेब मात्र नाहीत. त्यामुळे साहेबांना आपल्याच माणसांचं बोलणं अक्कांच्या तोंडून कळत होतं. दोन्ही बाजूंचे लोक आळीपाळीने अक्कांकडे बघत होते. त्या हॉलमधल्या सगळ्या बोलण्याला वाट त्या एका बाईतून होती, आणि तिचं स्वतःचं म्हणणं माझ्या फाइलमध्ये होतं.

मग चहाची सुट्टी झाली.

मित्र मला खिडकीशी घेऊन गेला. हातात माझ्या निवेदनाची प्रत होती. ‘लेका, हा बायकांचा परिच्छेद आज नको. पलीकडचे बिचकतायत. आपल्या बोटमालकांनीही कुरकुर केलीय, समितीत बायका आल्या तर आम्ही उठतो म्हणतात. संध्याकाळपर्यंत संयुक्त निवेदन निघायलाच पाहिजे, वरून फोन आहे. पुढच्या फेरीत घेऊ.’ बोलता बोलता त्याने पेनने परिच्छेदावर तिरपी रेघ मारली आणि बाजूला दोन ओळी लिहून सही केली.

‘अरे, मी शब्द दिलाय,’ मी म्हणालो.

‘कुणाला?’

‘अक्कांना.’

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. खरोखर न समजल्यासारखं पाहिलं. ‘दुभाष्याला?’ तो म्हणाला.

हा माणूस तो नियम लिहिणाऱ्यांपैकी होता. हॉस्टेलवर माझ्या तापात रात्रभर उशाशी बसलेला होता. माझ्या भाषणातली अर्धी वाक्यं त्याचीच होती. त्या एका शब्दाने मला कळलं की त्या नियमावर माझा जितका विश्वास होता तितका त्याचा कधीच नव्हता. त्याला नियम पाळल्याचं दाखवायचं होतं, आणि ते सकाळी फोटोच्या वेळीच झालं होतं. मी त्याच्या प्रयोगातलं एक साधन होतो. तरीही माझ्या तोंडून निघालं, ‘बघ बाबा, तू म्हणशील तसं.’

आत जाताना अक्कांना सांगायला वेळ होता. त्या चहा न घेता जागेवरच बसल्या होत्या. त्यांच्या टेबलाजवळून मी गेलो. त्यांनी मान वर केली. मी घड्याळाकडे बघितलं, जसं काही मला उशीर होत होता.

माझं निवेदन आलं. मी उभा राहून इंग्रजीत वाचू लागलो. प्रत्येक परिच्छेदानंतर थांबायचं, अक्कांनी तमिळमध्ये सांगायचं. रेघ मारलेल्या जागेशी मी आलो. सही झालेला कागद वाचायचा, न झालेला वाचायचा नाही, एवढ्यावर माझी सगळी नोकरी झाली होती. डोळ्यांसमोर मूळ परिच्छेद स्पष्ट दिसत होता. एका तिरप्या रेघेने अक्षरं झाकली जात नाहीत. मी बाजूच्या दोन ओळी वाचल्या: महिलांच्या सहभागाचं महत्त्व आम्ही जाणतो. या विषयावर आज आमचा कोणताही प्रस्ताव नाही.

आणि थांबलो.

अक्का लगेच बोलल्या नाहीत. सबंध दिवसात पहिल्यांदाच त्यांनी वेळ घेतला. हॉलमध्ये कुणाच्या लक्षातही आलं नसेल. मग त्यांनी माईक जवळ ओढला आणि ती दोन्ही वाक्यं तमिळमध्ये सांगितली. पूर्ण, जशीच्या तशी. आवाज हलला नाही.

मागच्या रांगेतल्या बायकांना इंग्रजी येत नव्हतं. माझं वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. आज आमचा प्रस्ताव नाही, हे त्यांनी अक्कांच्या तोंडून ऐकलं. जी बाई कित्येक वर्षं त्यांच्या ओसरीवर येऊन बसत होती, जिने ‘मी बोलेन’ म्हटलं होतं, ती मोरपंखी साडी नेसून, माईकसमोर बसून, सगळ्यांसमोर म्हणत होती की आमचं काही म्हणणं नाही. टेबलावरची पाटी इंग्रजीत होती. दुभाष्याचा धर्म काय असतो हे त्यांना कोण सांगणार?

आत्या उभी राहिली. तिला खाली बसायला सांगण्यात आलं. ती बसली, पण तिने पदर डोक्यावरून घेऊन तोंड भिंतीकडे केलं. एकेक करून बाकीच्या सातही जणी तशाच बसल्या. उरलेला वेळ अक्का त्या पाठींसमोर बोलत राहिल्या.

एवढ्यावर संपलं असतं तर मी मित्राला कदाचित माफ केलं असतं. बोलण्यांनंतर बाहेर पत्रकार होते. एका तरुण पत्रकार मुलीने विचारलं, ‘मच्छीमार बायकांची समितीबाबत मागणी होती असं ऐकलंय, ती टेबलावर का आली नाही?’ मी त्याच्या शेजारी उभा होतो. तो अजिबात गडबडला नाही. ‘आम्ही त्याबद्दल अत्यंत आग्रही होतो,’ तो म्हणाला, ‘पण आमच्या इथल्या सहकाऱ्यांचं मत पडलं की बायकांची अजून पुरेशी तयारी झालेली नाही.’ आणि इथले सहकारी म्हणून माझ्याकडे हात केला. मी कॅमेऱ्यात मान डोलावली. सवयीने. साहेबाने हात केला की मान डोलते.

गाडीत बसताना त्याने माझी पाठ थोपटली. ‘मनाला लावून घेऊ नकोस. मार्चचं मी बघतो.’

घरी आलो तर बातम्यांत तो फोटो होता. बायको म्हणाली, ‘साड्या सुंदर दिसतायत. केलंत हो शेवटी.’ मी चपला काढल्या नव्हत्या. तसाच परत फिरलो आणि स्टेशनवर गेलो. बायकांची दक्षिणेकडे जाणारी गाडी तांबरमला थांबते हे माहीत होतं.

दिवेलागण झाली होती. लोकलची गर्दी ओसंडत होती. लांबच्या गाड्यांच्या फलाटावर, टोकाला, त्या आठ जणी पोतडीवर बसल्या होत्या. साड्या बदललेल्या. रोजच्या विटक्या सुती साड्यांत त्या मला क्षणभर ओळखूच आल्या नाहीत. त्यांच्यापासून चार हात लांब अक्का उभ्या होत्या, अजून त्याच मोरपंखी साडीत. हातात जेवणाच्या पुड्यांची मोठी पिशवी. ती पिशवी कुणी घेतली नव्हती, हे बघताक्षणी कळत होतं.

मी बायकांसमोर जाऊन उभा राहिलो. कुणी वर बघितलं नाही. मी घसा साफ केला आणि इंग्रजीत सुरुवात केली, ‘आज जे झालं त्याबद्दल मला तुम्हाला सांगायचंय...’ आणि वाक्य संपवून थांबलो. अक्कांकडे बघितलं. दिवसभर तसंच चाललं होतं; मी थांबायचं, त्यांनी बोलायचं.

अक्का रुळांकडे बघत होत्या.

‘अक्का, जरा सांगता का त्यांना?’ मी मराठीत म्हणालो.

‘माझें काम संपलें, सार,’ त्या म्हणाल्या. ‘आतां तुमचें तुम्ही सांगा.’

माझी तमिळ म्हणजे भाजीवाल्याची आणि रिक्षावाल्याची तमिळ. इकडे वळा, तिकडे थांबा, हे नको, ते द्या. मराठीत बोलायचं असतं तर मी पंधरा मिनिटं बोललो असतो. परिस्थिती अशी होती की, माझ्या हातात असतं तर, वास्तविक पाहता, खरं म्हणजे. त्यातलं काहीच मला तमिळमध्ये येत नव्हतं.

‘अक्का तप्पु इल्ले,’ मी बायकांना म्हणालो. अक्कांची चूक नाही. मग छातीला बोट लावून, ‘नान. नान तप्पु.’ मी. चूक माझी.

एका बाईने तोंडाला पदर लावला. माझ्या तमिळला हसली की काय, कळलं नाही. आत्याने मान वर केली. तिने सावकाश, मला समजेल असं विचारलं, आमचं म्हणणं मोठ्या सारांनी कापलं की तू? आदल्या दिवशी ‘तुम्ही’ म्हणणारी बाई आता ‘तू’ वर आली होती.

हा प्रश्न मला हवाच होता. मित्राने कापलं, हे खरं होतं. त्याने मला फसवलं, हेही खरं होतं. ते सांगायला मी तोंड उघडलं.

‘त्यांनी कापलं,’ मी तमिळमध्ये म्हणालो. पुढचं वाक्य त्याला जोडूनच आलं, ते टाळायला लागणारे शब्द मला येत नव्हते म्हणून. ‘मी वाचलं. अक्कांना माहीत नव्हतं.’

आत्या माझ्याकडे बघत राहिली. लिलावात मासा बघतात तसं, डोळा ताजा आहे का. मग तिने मला सोडून दिलं. अक्कांकडे वळून दरडावल्यासारखं विचारलं, ‘काय आहे त्या पिशवीत? इडली की पोंगल?’

‘इडली,’ अक्का म्हणाल्या.

‘चटणी वेगळी बांधलीय की ओतून आणलीय?’

‘वेगळी बांधलीय, आत्या.’

‘मग उभी काय राहिलीस? गाडी येईल.’

अक्का पोतडीवर तिच्या शेजारी बसल्या. सगळ्या एकदम बोलायला लागल्या, इतक्या भरभर की मला काही समजेना. कुणीतरी अक्कांच्या पाठीवर जोरात थाप मारली, शिव्याही असाव्यात. मला कुणी पुडा दिला नाही आणि जा असंही म्हटलं नाही. गाडी आली, पोतडी चढवायला मी हात लावला, तेवढा त्यांनी लावू दिला.

गाडी गेल्यावर फलाटावर आम्ही दोघं उरलो. मी म्हणालो, ‘अक्का, मला त्या वेळी...’ त्या म्हणाल्या, ‘नको, सार,’ आणि जिन्याकडे गेल्या.

संयुक्त निवेदनात महिलांच्या सहभागावर एक सुंदर वाक्य आहे. पुढची फेरी अजून झालेली नाही. आत्याचा मुलगा सुटून आला. बातमी तिला शेजारणीकडूनच कळली. मित्राचा फोन मी दोनदा घेतला नाही, तिसऱ्यांदा घेतला. त्याने मला ‘लेका’च म्हटलं. मार्चमध्ये मुदतवाढ आली. मी ती नाकारली नाही, हेही इथे लिहून टाकतो.

अक्का अजून आमच्याच कार्यालयात आहेत. निवृत्तीला थोडं उरलंय. किनाऱ्यावर जातात, बायका त्यांना बोलावतात, त्यांच्या टेबलावर कधी सुक्या मासळीचा वास येतो. माझ्याशी त्यांचं वागणं अगदी व्यवस्थित आहे. फाइल मागितली की वेळेत देतात, गुड मॉर्निंग म्हणतात.

परवा दुपारी त्या डबा उघडून बसल्या होत्या. मी जवळ जाऊन विचारलं, ‘काय अक्का, आज काय डब्यात?’

‘लेमन राइस, सर,’ त्या इंग्रजीत म्हणाल्या. ‘थँक यू फॉर आस्किंग.’

फलाटावरच्या त्या संध्याकाळनंतर त्या माझ्याशी मराठीत बोललेल्या नाहीत. मी माझा डबा घेऊन माझ्या टेबलाशी गेलो.